चिखलदऱ्याच्या थंडीत कळलावीचे कंद काढून ठेवावेत का?

वेल वाळला म्हणजे कंद मेला असं नाही, तो झोपलाय. जमिनीतच राहू द्या. आपल्याकडे कंद थंडीपेक्षा ओलीनं जास्त सडतो. म्हणून पाणी पूर्ण तोडा आणि वर सागाच्या पानांचा वीतभर थर द्या, दहिवरही अडेल. काळी चिकण माती असेल तर मात्र काढाच. कोरड्या रेतीत, पडवीत ठेवा. काढताना फार जपा: नांगराच्या फाळासारख्या वाकड्या कंदाच्या टोकाशीच डोळा असतो. ते टोक मोडलं की कंदाला कोंब फुटत नाही. मृगाच्या पावसात पुन्हा लावा. कंद अतिशय विषारी, कोल्चिसिन असतं त्यात. लेकरं, गुरं यांच्यापासून लांबच ठेवा.