साडेतीन वाजलेत, पण कोरियनमध्ये कसं सांगू?

प्रश्न: ताई, माझा भाचा तायक्वांदोला जातो, त्याचं ऐकून ऐकून हाना, दुल, सेत, नेत असं दहापर्यंत मला पाठ झालं आणि त्याच जोरावर मी ऑनलाइन कोरियन क्लास लावला. परवा टीचरनी साडेतीन वाजले कसं म्हणाल विचारलं, तर मी तास आणि मिनिटं दोन्ही याच आकड्यांत सांगायला गेले. त्या हसल्या, म्हणे मिनिटांना हे चालत नाहीत. मग मी पाठ केलं ते काय चुकीचं होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अगं चुकीचं नाही, अर्धं आहे! कोरियनमध्ये आकड्यांचे दोन सेट आहेत, एक त्यांचे स्वतःचे (हाना, दुल वाले) आणि दुसरे चिनीतून आलेले: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कु, शिप. आणि घड्याळात दोन्ही एकाच वाक्यात येतात. साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप बुन', तास कोरियन, मिनिटं चिनी. सेतचं 'से' झालं बघ, कारण पुढे मोजायचा शब्द आला की हाना, दुल, सेत, नेत हे हान, दु, से, ने होतात. आपण नाही का पुस्तकं दोन म्हणतो पण माणसं आली की दोघं, तिघं, चौघं, तसंच काहीसं समज.

माझं ऐकशील तर आता चिनी सेट आधी उरक, तो फार सोपा आहे. अकरा म्हणजे दहा-एक, शिबिल. वीस म्हणजे दोन-दहा, ईशिप. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ यात जे लहानपणी रडलेत त्यांना 'सामशिप कु' म्हणजे सुट्टीच वाटेल. पैसे, तारीख, फोन नंबर सगळं यातच, फक्त फोन नंबरातल्या शून्याला 'गोंग' म्हणायचं. उच्चारात फाल म्हणताना 'फळ'मधला फ काढ, फॅनमधला नको.

पैशात मात्र थांब जरा. त्यांचा गठ्ठा हजाराचा नाही, दहा हजाराचा, त्याला 'मान' म्हणतात. पन्नास हजार वॉनची नोट म्हणजे ओमान, पाच 'मान'. शिपमान म्हणजे आपला एक लाख, बेन्गमान दहा लाख, छॉनमान एक कोटी. एवढं लिहून भिंतीवर चिकटव, कारण ड्रामामध्ये कुणी कर्जाचा आकडा ओरडला की तेवढ्यात हिशोब होत नाही.

कोरियन सेट वय, तास, वस्तू, माणसं यांना. दोन कप कॉफी 'खॉपी दु जान', वीस वर्षांचा 'सुमु साल'. हा सेट नव्व्याण्णवलाच संपतो, शंभरला 'बेक' म्हणजे परत चिनीच.

आणि सगळे नियम पाठ करूनही मी एकदा हॉटेलात तोंडावर आपटले. आम्ही दोघी, 'दु म्यॉन्ग' बरोबर सांगितलं, मग मटण-बिटण मागवताना 'दु इनबुन' म्हटलं. वेटर म्हणाला, 'ई इनबुन?' माणसं कोरियन आकड्यात पण प्लेट चिनी आकड्यात, काय बोलणार! म्हणून नुसती यादी घोकू नकोस, आकडा पाठ करताना त्याच्यासोबतची वस्तूपण धरून पाठ कर. दु म्यॉन्ग, दु जान, ई इनबुन.