क्लोझापिन चालू असताना शॉक द्यावा का?

प्रश्न : धाकट्या भावाला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन रोज 400 मि.ग्रॅ. घेतो, तरी कानातले आवाज थांबत नाहीत. डॉक्टर म्हणतात, गोळी चालू ठेवूनच शॉक देऊ. पण या गोळीने फिट येऊ शकते असं कळलं. आठवडाभर आधी ती बंद करावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वतःहून मुळीच बंद करू नका. क्लोझापिन एकदम थांबवलं की आजार उसळतो. शिवाय 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुन्हा 12.5 मि.ग्रॅ.पासून चढावं लागतं. 400 वर यायला मग कित्येक आठवडे जातात.

तुमची शंका मात्र खरी आहे. क्लोझापिनमुळे मेंदूत फिट लवकर येते. पण ईसीटीत, म्हणजे शॉकच्या उपचारात, फिटच हवी असते, तीही भूल देऊन, स्नायू सैल करून, मोजूनमापून आणलेली. साधारण 20 ते 60 सेकंदांची. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका घोट्याभोवती बीपीचा पट्टा फुगवून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. सगळं अंग शांत आणि पायाची बोटं तेवढी थरथरताना दिसतात. त्यावरून आणि ईईजीवरून, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरून, सेकंद मोजतात. फिट दोन मिनिटांवर लांबली तर शिरेतून औषध देऊन थांबवतात.

खरी अडचण बहुधा दुसऱ्याच गोळ्यांची असते. झोपेसाठीचं लोराझेपाम किंवा फिट रोखणारं व्हॅल्प्रोएट चालू असेल तर फिट नीट येत नाही आणि शॉक वाया जातो. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम असेल तर शॉकनंतर गोंधळलेपण वाढू शकतं. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. कोणती कमी करायची, आदल्या रात्रीचा डोस द्यायचा का, हे तेच ठरवतील.

भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर आवर्जून सांगा. धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं. वॉर्डात बिडी सुटली की आठवडाभरात त्याच डोसची रक्तातली पातळी बरीच चढते, आणि नको तेव्हा फिट येण्याचा धोका वाढतो. शॉक ठरवण्याआधी ही पातळी तपासलेली बरी : शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त घ्यायचं, निदान 350 नॅनोग्रॅम प्रति मि.लि. हवी. त्याहून कमी असेल तर आधी डोसचाच विचार व्हायला हवा.

त्या सकाळी 6 ते 8 तास पोटात अन्न नको, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. हलणारा दात असेल तर सांगा. स्नायू सैल केले तरी जबडा करंटनेच आवळला जातो.

फायदा किती? 2015 साली अमेरिकेतल्या 39 रुग्णांच्या अभ्यासात क्लोझापिनसोबत ईसीटी दिलेल्यांपैकी निम्म्यांची लक्षणं आठ आठवड्यांत 40 टक्के किंवा त्याहून जास्त उतरली. नुसत्या क्लोझापिनवर असलेल्यांत एकाचीही नाही. अभ्यास लहान आहे, पण हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

प्रश्न : शॉकनंतर गोळ्या सुटतात का? स्मरणशक्ती जाते का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : गोळ्या सुटत नाहीत. शॉक थांबवून औषधही सोडलं तर आजार परततो. काहींना पुढेही आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने शॉक द्यावा लागतो. त्या आठवड्यांतल्या काही आठवणी पुसट होतात. नवं लक्षात राहणं बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण आधीच्या काही आठवणी कायमच्याही जाऊ शकतात. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे डॉक्टरांना विचाराच. आणि भूल न देता शॉक देण्यावर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.