जुनं विमान-किट घेताय? आधी पेटी उघडून बघा

पहिलंच जुनं आरसी किट, म्हणजे रेडिओ रिमोटने उडवायचं छोटं विमान घरी जोडायचा संच घेताय, छान! पण पेटीवरच्या चित्रावर भाळू नका. किंमत आतल्या मालावर ठरते.

सर्वात आधी प्लॅन, म्हणजे विमान जोडायचा मोठा नकाशा उघडा. तो नसेल तर भाव निम्म्याखाली मागा. झेरॉक्स असेल तर त्यावर काढलेला पंख पट्टीने मोजा आणि लिहिलेल्या लांबीशी जुळतो का बघा. कॉपीत माप सरकू शकतं. मग यादी घेऊन एकेक भाग जुळवा. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पट्ट्या, सपाट फळ्या कमी असल्या तरी चालतं, त्या नव्या मिळतात. सहसा मिळत नाहीत ते पारदर्शक कॅनॉपी (वैमानिकाच्या जागेवरचं झाकण), काउल (इंजिनवरचं झाकण) आणि स्टिकर. कॅनॉपी पिवळी पडून तडकली असेल तर तेवढे पैसे कापा.

सांगली-मिरजेकडचा माल असेल तर पेटीच्या तळाशी पाण्याची रेघ शोधा. 2019 च्या महापुरात बरंच सामान भिजलं. भिजलेला बाल्सा पिळवटतो. बारीक छिद्रं आणि पिठासारखा भुसा दिसला तर किट घरात आणूच नका, कीड इतर लाकडालाही लागते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- मागितलेली किंमत खरी धरतात. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किटचा भाव विचारा.
- अर्धवट जोडलेलं किट पूर्ण भावाने घेतात. आधीच्याने वाकडं चिकटवलेलं सोडवताना बाल्सा फाटतो.
- सोबतच्या जुन्या रेडिओचे (विमान चालवायच्या रिमोटचे) पैसे देतात. त्यातली बॅटरी बहुधा गळलेली असते आणि तुम्हाला सहसा 2.4 गिगाहर्ट्झ लहरींवर चालणारा नवा सेट घ्यावा लागतो.

उडवायचंच असेल तर वर पंख असलेला ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान निवडा. लढाऊ विमानांची किटं सध्या राहू द्या.