पहिल्यांदा पोपटी, म्हणजे मडक्यात भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि चिकन, लावतोयस ना, मग हे वाच

अरे चिकनच्या मसाल्याचं टेन्शन नंतर घे, आधी भांबुर्डीचा पाला मिळतोय का बघ, पोपटीची सगळी मजा त्या वासात आहे, आमच्या रायगडात थंडीत शेताच्या बांधावर मिळून जातो. कोबीची पानं घालून पण करतात लोक, पण मी तरी त्याला पोपटी म्हणणार नाही. मडकं वाजवून घे, बद्द आवाज आला तर तडा असणार, सोडून दे.

तळाला पाल्याचा जाड थर, वर वालाच्या शेंगा ओवा आणि जाडं मीठ लावून, मधेमधे बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेलं चिकन, पीस छोटेच कर. पाणी थेंबभर पण नको, शेंगा-पाल्याच्या वाफेवरच शिजतं सगळं. तोंडाशी पाला इतका गच्च कोंब की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली पडली नाही पाहिजे, कारण जाळात ते उपडंच ठेवायचंय.

जागा मातीचीच बघ, गच्चीवर लाद्या तडकतात. भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचून पेटव आणि अर्धा-पाऊण तास जाळ सगळ्या बाजूंनी सारखा ठेव, वारा असेल तर एकच बाजू करपते. मग मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मार, चर्र करून लगेच सुकला की काढ. धरायला कोरडं गोणपाट घे, ओल्याने वाफ लागते हाताला. चिकन हाडाजवळ गुलाबी दिसलं तर सरळ गॅसवर टाक, तोवर शेंगा खा.