गावातलं खेळाचं मैदान नीट करायला सरकारकडून पैसे मिळतात का?

मिळतात. पण तुमच्या प्रश्नात मैदान समुद्राजवळ आहे, मुंबईचं मंडळ वर्गणी काढायला तयार आहे, पोरं कबड्डी-व्हॉलीबॉल खेळतात, हे सगळं आलंय; जागा कोणाच्या नावावर आहे तेवढंच राहिलंय. म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी गुहागर तालुक्यातला. आमच्या वाडीचं मैदान सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर; आजोबांच्या वेळेपासून तिथंच खेळतायत सगळे. अर्ज करायचा म्हणून सातबारा काढला, तर सतरा नावं. त्यातली सहा माणसं वारलेली, वारसनोंद कोणाचीच नाही, बाकीचे परळपासून विरारपर्यंत. विरोध एकाचाही नव्हता, सही मात्र कोणाची नव्हती. दोन गणपती आणि एक शिमगा त्यातच गेला. चाकरमानी आला की आरती आटपल्यावर कागद पुढे करायचा. एका काकांनी तर सही करण्याआधी त्या सड्याच्या कडेला आपल्या आजीने लावलेल्या काजूंची अख्खी कहाणी ऐकवली. ऐकली. सही झाली.

जागा शेवटी बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीला दिली आणि अर्जही पंचायतीनेच केला. मंडळाला करता येतो, पण त्यासाठी 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हीखाली नोंदणी, शिवाय दरवर्षीचे लेखापरीक्षण अहवाल लागतात. आमच्या मंडळाचा हिशोब एका वहीत होता आणि ती वही खजिनदाराच्या डोंबिवलीच्या घरी!

आता पैशांचं. तुमच्या कामाची योजना म्हणजे क्रीडांगण विकास अनुदान. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायचा, निधी जिल्हा नियोजन समितीकडून येतो. आम्ही अर्ज केला तेव्हा कमाल मर्यादा 7 लाख होती. त्यात सपाटीकरण, कुंपण, धावपट्टी, पिण्याचं पाणी अशी कामं बसतात. व्यायामशाळेची योजना वेगळी आहे, दोन्ही एका अर्जात घुसडू नका. तालुका क्रीडा संकुलाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटी झाली, ती बातमी वाचून आमच्याकडेही काही जण हुरळले होते. ते पैसे वाडीच्या मैदानाला येत नाहीत. खासदार-आमदार निधीतून काम सुचवता येतं, पण तिथे बहुतेक वेळा ओपन जिम पदरात पडते.

ओपन जिमबद्दल माझं मत विचाराल तर घेऊ नका. शेजारच्या गावात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बसवली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पायांनी झुलवायच्या यंत्राचा एक पाय बिजागरीतून निखळला, दुसऱ्यावर हात ठेवला तर तळव्याला गंज लागतो. सध्या तिच्यावर जाळी वाळत घालतात. खाऱ्या वाऱ्याला रंगाचा एक हात पुरत नाही आणि दरवर्षी रंग द्यायला पैसे कोणीच देत नाही.

समुद्राजवळ म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे नियम, आलेच. घाबरू नका: 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे गावाकडच्या ना-विकास पट्ट्यातही खेळाचं मैदान चालतं. अडतं ते पक्क्या बांधकामाशी. म्हणून आराखड्यात पॅव्हेलियन, कपडे बदलायच्या खोल्या दाखवल्यात तर भरतीरेषेपासूनचं अंतर आधी तपासा. आणि जागा कातळसड्यावर असेल तर जेसीबी फिरवण्याआधी एकदा पायी फिरून बघा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यातली काही 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. बरीच शिल्पं माती-गवताखाली असतात, सहज दिसत नाहीत.

अंदाजपत्रकात डोंगराकडच्या बाजूचं गटार घालायला विसरू नका. आम्ही विसरलो. पहिल्याच जुलैत नवी लाल माती वाहून खालच्या परसात गेली आणि मैदानात पुन्हा कातळ उघडा पडला. कुंपण मात्र जांभ्या चिऱ्याचं केलं होतं, ते जागचं हललं नाही.

जूनपासून चार महिने काम होत नाही आणि निधीचं वर्ष मार्चला संपतं, हे धरून ग्रामसभेचा ठराव लवकर घ्या. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो. तो आजच काढा, नावं मोजा आणि किती नावं आहेत ते इथे लिहा. पुढचं त्यावर सांगतो.