दोन वर्षांच्या मुलीचा वाढदिवस किती मोठा असावा?

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. हॉल घेऊन दीडशे माणसांना बोलवावे, असे सासूबाई आणि यजमान म्हणतात. ‘सगळ्यांकडे आपण जाऊन आलो, आता आपण नको का बोलवायला?’ हा सासूबाईंचा प्रश्न आहे. मुलगी मात्र गर्दीत बुजते. दुसरे असे, की त्याआधी मैत्रिणीच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्हाला जायचे आहे. ‘भेटवस्तू आणू नये’ असे निमंत्रणात लिहिले आहे. रिकाम्या हाताने कसे जावे?

उत्तर : सासूबाईंचा मुद्दा आधी घेते, कारण तो रास्त आहे. ज्यांच्याकडे आपण जेवून आलो त्यांना आपल्याकडे बोलवावे, या रीतीने माणसे जोडलेली राहतात. मात्र ही देवघेव मोठ्यांची मोठ्यांशी आहे आणि तिच्यासाठी मुलीचाच दिवस खर्ची घालायला हवा असे नाही. आप्तेष्टांना एखाद्या वेगळ्या सुट्टीच्या दिवशी, हवे तर दोन-तीन वेळा थोडे थोडे करून, जेवायला बोलवा. वाढदिवसाला मात्र मुलगी ज्यांच्याकडे आपणहून जाते, तेवढीच माणसे असू द्या. असे सुचवल्याने सासूबाईंचाही मान राहील.

हॉलमध्ये काय घडते ते डोळ्यांसमोर आणून पाहा. दुपारची झोप तयारीच्या गडबडीत बुडालेली असते, अंगात टोचणारा नवा फ्रॉक असतो आणि दारातून येणारा प्रत्येक जण ‘ये गं माझ्याकडे’ म्हणत तिला आईच्या कडेवरून उचलू पाहतो. मग दिवे मालवले जातात, सगळे एकदम टाळ्या वाजवतात आणि ती किंचाळून रडू लागते; तरीही फोटोसाठी ‘हस ना, हस ना’ चालूच राहते. अशा मुलीला लोक रडकी म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. ती मोडली की एरवी शांत असलेले मूलही बिथरते.

‘खूप मुले आली की ती रमेल’ असेही तुम्हाला सांगितले जाईल. या वयाची मुले एकमेकांबरोबर खेळण्यापेक्षा एकमेकांशेजारी बसून आपापले खेळतात, हे मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच नोंदवले होते. दोन-तीन ओळखीची मुले पुरेत. मोठेपणी बहुतेकांना आठवणाऱ्या सर्वांत जुन्या गोष्टी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या असतात, त्यामुळे हा दिवस तिच्या लक्षात राहणार नाही. पण त्या दिवशी ती घाबरली तर ती भीती तिला त्या क्षणी खरीच असते. वेळ तिच्या झोपेनंतरची ठेवा आणि तास-दीड तासात आवरा. फुगे लावलेत तर फुटलेला प्रत्येक तुकडा लगेच उचला, कारण तो घशात गेला तर श्वास कोंडतो.

आता मैत्रिणीच्या निमंत्रणाविषयी. ‘आणू नये’ लिहिले असेल, तर आणू नये. तुम्ही एकट्यांनी भेट नेली, तर सांगितलेले पाळणारे बाकीचे पाहुणे अवघडतात आणि मैत्रिणीलाही नाही म्हणता येत नाही. मनातले चार शब्द लिहून पत्र द्या. एरवी कुणाला खेळणे द्यायचेच असेल, तर सुटे बारीक भाग आणि सहज उघडणाऱ्या कप्प्यात बसवलेली बटणासारखी चपटी बॅटरी असलेले टाळा. ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका आतून भाजते. येणार किती जण, हे आधी कळवा आणि न विचारता जास्तीची मुले नेऊ नका. बाळाला स्वतःहून उचलू नका, त्याची पापी घेऊ नका, आईला विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात काही घालू नका. त्याचे फोटो इतरांना पाठवण्यापूर्वीही तिला विचारा.

आणि त्या दिवशी तुमच्या मुलीला साधी सर्दी किंवा कणकण असली, तरी जाऊ नका. सकाळीच फोन करून तसे सांगा आणि ती बरी झाल्यावर मैत्रिणीला विचारून सवडीने भेटून या.