पंप उतरवण्याआधी गळती कुठे आहे ते पाहा

प्रश्न : माझी डिझेल गाडी वीस वर्षांहून अधिक जुनी असून तिला यांत्रिक इंधन पंप आहे. इंजिनाच्या वरच्या भागावर सतत ओल दिसते, डिझेलचा वास येतो आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नसते. मेकॅनिक पंपाचे सील बदलायला सांगतात. तसे करावे का?

उत्तर : एवढ्यात नको. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीच त्रास देते, याचा अर्थ बहुधा कुठून तरी हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात पंप डिझेल ओढून घेत असल्यामुळे तिथल्या फटीतून थेंब बाहेर पडेलच असे नाही, उलट हवा आत येते. म्हणून केवळ ओल पाहून निदान करणे पुरेसे नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडा आणि सकाळी गाडी सुरू करताना तिच्यातून बुडबुडे जातात का ते पाहा.

त्यानंतर इंजिनाचा वरचा भाग पुसून पूर्ण कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवा. पावडर सर्वांत आधी जिथे काळवंडेल, तिथे गळतीचे मूळ असते. खाली साचलेले डिझेल दिशाभूल करते. माझा पहिला संशय इंजेक्टरांना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) जोडणाऱ्या कापडी वेष्टनाच्या बारीक रिटर्न नळ्यांवर, म्हणजे उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांवर आहे. उष्णतेने त्यांचे रबर कडक होऊन टोकांशी चिरते, आणि शेवटच्या इंजेक्टरवरची छोटी रबरी टोपी तर हमखास विसरली जाते. एक नळी बदलून भागवू नका. आतला व्यास मोजून टोपीसह सगळ्या एकदम बदला. हे काम स्वस्त आणि अर्ध्या तासाचे आहे, म्हणूनच ते पंपाच्या आधी करावे असा माझा आग्रह आहे.

बॅन्जो बोल्ट (नळी जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) उघडला तर तांब्याचे वॉशर नवेच घाला. इंजेक्टरकडे जाणाऱ्या धातूच्या नळीचा नट पाझरत असेल, तर इंजिन बंद करून तो सैल करावा, नळी सरळ बसवून पुन्हा आवळावा. पंपाच्या बाजूला नट फिरवताना खालचा षटकोनी भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर तोही फिरतो. नुसते जोर लावून आवळत गेल्यास नळीचे टोक चेपते आणि गळती कायमची होते.

इंजिन चालू असताना या नळ्यांवरून बोट कधीही फिरवू नका. तिथे शंभर बारहून अधिक दाब असतो आणि डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गळतीची शंका आली तर बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

एवढे करूनही पंपाच्या जोडाशी किंवा शाफ्टजवळ (पंप फिरवणाऱ्या दांड्याजवळ) पावडर ओली होत असेल, तर तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे मानून सील बदलून घ्या. शाफ्टजवळची गळती मात्र लांबणीवर टाकू नका, कारण तिथून टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे भाग ठरलेल्या वेळी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर) डिझेल गेले की रबर फुगून बेल्ट निकामी होतो.